धागा: "शुगर खाली आली की करू" म्हणत हार्टची प्रोसिजर लांबवणं

ओंजळ:
बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. बाबांच्या बायपासला आता दीड वर्ष झालं, ते बरे आहेत, पण जिना चढताना मधल्या वळणावर दोन मिनिटं थांबतात आणि आम्ही सगळे तेव्हा उगाच दुसरीकडे बघतो. हे टळू शकलं असतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय.

बाबांना डायबेटिस १९ वर्षांपासून. छातीत कधीच दुखलं नाही, एकदाही नाही. रुटीन तपासणीत ईसीजीमध्ये काहीतरी बदल दिसला म्हणून स्ट्रेस टेस्ट झाली, ती पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी झाली आणि हृदयाला रक्त देणाऱ्या तिन्ही नळ्यांमध्ये ब्लॉकेज निघाले, त्यातला एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य नळीच्या) अगदी तोंडाशी असलेला सगळ्यात मोठा. टू डी एकोमध्ये हार्टचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं. डॉक्टरांनी सांगितलं की बायपास करून घ्या, फार लांबवू नका, पण एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारा आकडा) ९.४ आहे ती जरा खाली आणा.

आमचं इथेच चुकलं. "जरा खाली आणा" हे घरात सगळ्यांच्या तोंडपाठ झालं आणि "फार लांबवू नका" कुणालाच आठवेना. बाबा तर खूशच होते, दुखत नाही खुपत नाही मग छाती कशाला उघडायची. तीन महिन्यांनी ८.६ आली तेव्हा आम्ही ठरवलं की अजून थोडी खाली येऊ दे. मग बाबांच्या दाढेचं दुखणं निघालं. मग खोकला झाला तो तीन आठवडे हटेना. मग मला ऑफिसच्या कामासाठी बाहेर जावं लागलं. प्रत्येक कारण खरं होतं हो, कुणीही टाळाटाळ म्हणून टाळाटाळ केली नाही, पण असे करता करता सात महिने गेले. हॉस्पिटलमधूनही कुणाचा फोन आला नाही की तुमची फाइल आमच्याकडे आहे, तुमचं काय ठरलं. आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटत होतं ते बोलावतील, त्यांना वाटलं असेल हे येतील.

मग एका रात्री बाबा झोपेतून उठून बसले. आडवं झालं की दम लागतोय म्हणाले. आम्हाला वाटलं तोच खोकला, कफ झालाय, वाफ दिली. दुसरी रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली. तिसऱ्या दिवशी पायावर सूज दिसली तेव्हा नेलं. मधल्या काळात कधीतरी अटॅक येऊन गेला होता, कधी ते आजही कुणाला सांगता येत नाही. पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं होतं, फुफ्फुसात पाणी भरलं होतं. जे ऑपरेशन सात महिन्यांपूर्वी चालत जाऊन झालं असतं ते आता आधी पाणी कमी करून, किडनीचे आकडे सांभाळून, जास्त रिस्कच्या सहीवर करावं लागलं.

माझा प्रश्न एवढाच आहे की असं थांबणं नेमकं किती धोक्याचं असतं आणि डायबेटिस असलेल्यांना ते जास्त का महागात पडतं. ज्यांना माहिती आहे किंवा ज्यांच्या घरी झालंय त्यांनी प्लीज लिहा.

रानवारा:
ओंजळ, वाचून वाईट वाटलं. मी फिजिशियन आहे, रोजचे निम्मे पेशंट डायबेटिसचे असतात आणि तुमच्या बाबांसारखी गोष्ट मी बऱ्याचदा बघितली आहे.

डायबेटिसमध्ये दुखणं हा अलार्म नीट वाजत नाही. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा जशा बधिर होतात तशाच हृदयाशी जोडलेल्या नसाही खराब होतात. त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडतंय हे शरीर सांगतच नाही, किंवा सांगतं ते वेगळ्याच भाषेत सांगतं. नेहमीच्या अंतरावर जास्त थकवा, दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा खांद्यात जडपणा, कारण नसताना दरदरून घाम. बायकांमध्ये तर हे आणखी सर्रास दिसतं. २००४ मध्ये डायड नावाच्या अभ्यासात टाइप टू डायबेटिस असलेल्या आणि काहीही त्रास नसलेल्या लोकांची तपासणी केली तर १०० पैकी २२ जणांमध्ये हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा सापडल्या. त्यांना स्वतःला काही कळत नव्हतं.

त्यामुळे "दुखत नाही म्हणजे घाई नाही" हा हिशोब बाकीच्यांच्या बाबतीत थोडाफार चालतो, डायबेटिसवाल्यांच्या बाबतीत अजिबात चालत नाही.

दुसरं कारण नळ्यांचं. डायबेटिसमध्ये एकाच जागी एक गाठ असं कमी असतं, नळी लांबवर खडबडीत झालेली असते, कॅल्शियम साठलेलं असतं, बारीक फांद्याही आजारी असतात. रक्त गोठण्याकडे कल जास्त असतो. जिथे नळी अचानक बंद पडते तिथे बाजूच्या नळ्यांनी मदत करावी तर त्याही अरुंद, म्हणजे तेवढ्याच अटॅकमध्ये स्नायूचं नुकसान जास्त होतं. आणि एकदा स्नायू मेला की तो परत येत नाही, तिथे व्रण होतो. जो नुसता उपाशी असतो, म्हणजे जिवंत आहे पण रक्त कमी म्हणून नीट आकुंचन पावत नाही, तो रक्त मिळाल्यावर पुन्हा कामाला लागू शकतो. थांबण्यात जातो तो हा भाग.

ओंजळ, पंपिंग ३५ वर आलं असूनही बाबांची बायपास केली हा निर्णय बरोबर होता हे मुद्दाम सांगतो. ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या १२१२ जणांवरच्या स्टिच अभ्यासात १० वर्षांनी बायपास झालेल्यांपैकी ५८.९ टक्के गेले होते आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ६६.१ टक्के. आकडे दोन्हीकडचे जड आहेत, पण फरक खरा आहे.

चौकस:
ओंजळताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं, आणि तरीही मला दुसरी बाजू मांडायचीय कारण हा धागा वाचून लोक घाबरून उद्याच टेबलावर झोपतील अशी भीती वाटते. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, त्यांना ७० टक्क्यांचा एक ब्लॉकेज निघाला तेव्हा आम्हाला "आत्ताच स्टेंट टाका, डोक्यावर टांगती तलवार आहे" असं सांगितलं गेलं. आम्ही दुसरं मत घेतलं, औषधं नीट चालू केली, आज सहा वर्षं झाली.

बारी टू डी नावाचा अभ्यास २००९ मध्ये आला, २३६८ लोक, सगळे डायबेटिसवाले, सगळ्यांना हार्टचा आजार पण स्थिर. अर्ध्यांची लगेच प्रोसिजर केली, अर्ध्यांना औषधं. पाच वर्षांनी जिवंत असलेले ८८.३ टक्के आणि ८७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०२० मध्ये इस्केमिया अभ्यास आला, ५१७९ लोक, त्यातल्या दर पाचात दोघांना डायबेटिस, तिथेही सरसकट लवकर प्रोसिजर करून जीव वाचण्यात फरक दिसला नाही. आणि डॉक्टरांनी वर डायडचा उल्लेख केलाय त्याचा पुढचा भाग २००९ मध्ये आला होता, त्यात त्रास नसलेल्या सगळ्यांना शोधून तपासल्याने पुढे अटॅक कमी झाले नाहीत असंच निघालं.

मग थांबणं म्हणजे धोका असं सरसकट कसं म्हणायचं?

रानवारा:
चौकस, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत आणि ते इथे यायलाच हवे होते. प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागत नाही. तुमच्या वडिलांचा निर्णय मलाही योग्य वाटतो.

पण बारी टू डीमध्ये आतली एक गोष्ट आहे. त्यात पेशंटचे आधीच दोन गट केले होते, ज्यांना करायचीच झाली तर अँजिओप्लास्टी योग्य ते एका बाजूला आणि ज्यांचा आजार पसरलेला, म्हणून बायपास योग्य ते दुसऱ्या बाजूला. अँजिओप्लास्टीच्या गटात लगेच केली का नंतर केली याने फरक पडला नाही. बायपासच्या गटात पडला. मृत्यू, अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका हे सगळं धरून लगेच बायपास झालेल्यांमध्ये २२.४ टक्के आणि औषधांवर थांबलेल्यांमध्ये ३०.५ टक्के. शिवाय औषधांच्या गटातल्या ४२ टक्के लोकांना पाच वर्षांच्या आत प्रोसिजर करावीच लागली. म्हणजे थांबणं चालतं, पण लक्ष ठेवून थांबणं, दर काही महिन्यांनी भेट, लक्षणं बदलली की लगेच निर्णय.

इस्केमियामध्येही लेफ्ट मेनचा, म्हणजे डाव्या बाजूच्या मूळ नळीचा मोठा ब्लॉकेज, पंपिंग ३५ च्या खाली, नुकताच अटॅक किंवा वाढत चाललेला त्रास असे लोक घेतलेलेच नव्हते. त्यांना तो निष्कर्ष लावायचा नाही.

ओंजळच्या बाबांना तिन्ही नळ्या, एलएडीच्या तोंडाशी मोठा ब्लॉकेज आणि डायबेटिस. हा सरळ बायपासच्या गटातला पेशंट. अशाच लोकांवर २०१२ चा फ्रीडम अभ्यास आहे, १९०० जण, सगळ्यांना डायबेटिस आणि एकाहून जास्त नळ्यांचा आजार. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक हे स्टेंटवाल्यांमध्ये २६.६ टक्के आणि बायपासवाल्यांमध्ये १८.७ टक्के. स्ट्रोक मात्र बायपासमध्ये जास्त होते, ५.२ विरुद्ध २.४, तेही सांगायलाच हवं. हे मी लिहितोय कारण उशीर होण्याचं आणखी एक कारण मी बघतो, घरचे बायपास नको म्हणून "स्टेंटमध्ये बसवून द्या" म्हणत चार ठिकाणी फिरत राहतात आणि त्या फिरण्यात तीन महिने जातात.

सांजवेळ:
मी स्वतः बायपास झालेली आहे, डायबेटिस १४ वर्षं. माझ्याही वेळेला शुगरवरून अडलं होतं. एचबीएवनसी ८.९. पण माझ्या सर्जनांनी तारीख आधी दिली, पाच आठवड्यांनंतरची, आणि म्हणाले या तारखेपर्यंत जेवढी खाली येईल तेवढी आणा, नाही आली तर आम्ही इन्सुलिनवर सांभाळू, तारीख बदलणार नाही. आता ओंजळचं वाचताना मला त्या वाक्याची किंमत कळतेय. तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं आणि मी रडले होते.

शुगर खाली आणायला सांगतात ते उगाच नाही हेही लिहिते. बायपाससाठी माझ्या पायातून शीर काढली त्या जागेची जखम भरायला दोन महिने लागले, शेजारच्या बेडवरच्या बाईंना डायबेटिस नव्हता त्यांची दोन आठवड्यांत सुकली. छातीच्या हाडाला इन्फेक्शन झालं तर ते फार वाईट असतं असं मला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे शुगरकडे दुर्लक्ष करा असं कुणी या धाग्यावरून समजू नये.

पायवाट:
मी गेले चार दिवस हा धागा वाचतोय आणि आज लॉगिन केलं. आईची अँजिओग्राफी दहा दिवसांपूर्वी झाली. वय ६३, डायबेटिस २२ वर्षं, तीन नळ्या, बायपास सांगितलीय. पंपिंग ५० टक्के. एचबीएवनसी १०.१. आम्हाला सांगितलंय की शुगर कंट्रोल करून तीन महिन्यांनी या. मामा म्हणतात तीन काय सहा महिने थांबू, आधी शरीर तयार होऊ दे. आईला दुखत नाही. पण आता विचारलं तर म्हणते की गेल्या महिन्यापासून कपडे वाळत घालून झाले की बसावं लागतं. हे तिने डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. मला काय करावं कळत नाहीये, कुणी सांगाल का.

रात्रपाळी:
पायवाट, पहिलं काम हे की आईची ही गोष्ट उद्या सकाळी फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला. कपडे वाळत घातल्यावर बसावं लागणं हे "दुखत नाही"मध्ये मोडत नाही. ज्यांनी तीन महिने सांगितले त्यांना ही माहिती नव्हती, कदाचित माहिती असती तर वेगळं सांगितलं असतं.

मी हार्टच्या आयसीयूत ११ वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाचं ऑपरेशन कधी हे मी सांगणार नाही, पण शुगरबद्दल जे रोज हाताने करते ते लिहिते. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर आम्ही शिरेतून इन्सुलिन चालू ठेवतो, दर तासाला शुगर बघतो आणि १८० च्या आत ठेवतो. फार खालीही नेत नाही, कारण शुगर एकदम घसरली तर ठोके बिघडतात. म्हणजे एचबीएवनसी ९ आहे म्हणून त्या दिवशी शुगर ३०० च असणार असं काही नसतं. त्या दिवसाची शुगर आमच्या हातात असते.

आणि एचबीएवनसी हा आकडा मुळातच संथ आहे. तो साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. तुम्ही उद्यापासून इन्सुलिन नीट घेतलं तर रोजची शुगर आठवड्याभरात रुळावर येईल पण एचबीएवनसी मागचंच सांगत राहील. त्या आकड्याची वाट बघत बसलं की महिने जातातच. फ्रुक्टोसामिन नावाची टेस्ट असते, ती दोन-तीन आठवड्यांचं चित्र दाखवते. ती चालेल का हे विचारायला हरकत नाही. आमच्याकडे अशा पेशंटना कधी कधी आधी चार-पाच दिवस ॲडमिट करून शुगर बसवतात आणि मग घेतात.

घरी थांबण्याच्या काळात गोळ्यांचे जे घोळ होतात ते तर मी सांगूच शकत नाही किती बघते. एक म्हणजे लोक रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच बंद करतात, "ऑपरेशन आहे ना" म्हणून. क्लोपिडोग्रेल बायपासच्या साधारण पाच दिवस आधी बंद करायला सांगतात, पण ते तारीख पक्की झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. ॲस्पिरिन बहुतेकदा चालूच ठेवतात. तारीख पुढे गेली आणि गोळी बंदच राहिली तर मधल्या काळात काहीच संरक्षण नाही. आणि ज्यांना आधी स्टेंट पडलाय त्यांनी तर दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनसाठी स्वतःच्या मनाने ती थांबवायची नाहीच, स्टेंट आतून गोठून बंद होतो.

दुसरी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारची डायबेटिसची गोळी. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, नाही तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं. मेटफॉर्मिनचं किडनीवर अवलंबून असतं. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, पोट उशिरा रिकामं होतं. माझ्यासमोर यातल्या एका गोळीपायी टेबलावरून केस परत आलेली आहे, आणि मग पुढची तारीख मिळायला तीन आठवडे गेले. उशीर असाही होतो.

पायावर, तळव्यावर एखादी जखम असेल तर आत्ताच दाखवा. दात पण. हे शेवटच्या आठवड्यात निघालं की सगळं पुढे जातं.

ओंजळ:
रात्रपाळी, दाढेचं वाचून कसंसंच झालं. बाबांची दाढ आम्ही पहिल्याच आठवड्यात दाखवली असती तर.

पायवाट, तू विचारलंस हे फार बरं केलंस. मी एक सांगू का, "तीन महिन्यांनी या" असं कुणी म्हणालं की लगेच विचार, नेमकी कुठली तारीख, आणि त्या दिवशी आकडा नाही आला तर काय करणार. आम्ही हे दोन प्रश्न विचारले नाहीत. आणि घरात एका माणसाकडे ते काम दे. आमच्याकडे मी, ताई, आई तिघी होतो आणि तिघींनाही वाटत होतं दुसरी बघतेय.

मावळतीचा_वारा:
थोडं वेगळं लिहितेय, पण उशीराचंच आहे. वर सगळं ठरवून करायच्या ऑपरेशनबद्दल आहे. अटॅक येत असताना मात्र शुगर हा प्रश्नच नसतो आणि हे मला माहीत नव्हतं.

माझ्या मिस्टरांना पहाटे उलट्या सुरू झाल्या, घाम, अंग गार. छातीत नाहीच, फक्त "पोटात कसंतरी होतंय". आम्ही घरी शुगर बघितली तर ४२० आली. मला वाटलं शुगर वाढल्यानेच होतंय, म्हणून इन्सुलिन दिलं आणि उतरायची वाट बघत बसले. तासभर. मग जाऊबाईंनी आरडाओरडा करून नेलं. ईसीजीत मोठा अटॅक. त्यांनी लगेच कॅथ लॅबला (बंद नळी उघडतात त्या खोलीत) न्यायचं म्हटलं तर मीच अडून बसले की शुगर इतकी असताना कसं करता, आधी ती खाली आणा. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, शुगर वाढली म्हणून अटॅक नाही आला, अटॅकच्या ताणाने शुगर वाढलीय, आणि इथे एकेक मिनिट स्नायू मरतोय. मी सही केली. नंतर कळलं की हॉस्पिटलच्या दारातून नळी उघडेपर्यंत दीड तासाच्या आत व्हावं असा नियम धरून ते पळत असतात, आणि मी त्यातली पंधरा-वीस मिनिटं नुसती वाद घालण्यात घालवली. घरचा तास वेगळाच.

ते वाचले. पण ज्यांच्या घरी डायबेटिसचं माणूस आहे त्यांनी हे लक्षात ठेवा हो, उलटी घाम आणि शुगर अचानक खूप जास्त असं एकत्र दिसलं तर ईसीजी आधी.

रानवारा:
मावळतीचा_वारा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्यात एवढंच जोडतो की अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी आधीपासून लिहून दिलेली असेल तर एक ठेवून पाच मिनिटांत आराम नाही पडला तर पुढे वाट बघायची नाही.

पायवाट, आईबद्दल. लांबून बघून मी तारीख सांगू शकत नाही. पण नियोजित ऑपरेशनसाठी ब्रिटनमधल्या गाइडलाइनमध्ये साधारण ८.५ टक्क्यांची रेघ आहे आणि तिथेही लिहिलेलं असतं की जिथे थांबणं सुरक्षित आहे तिथेच. रेघेपेक्षा ही अट महत्त्वाची. आईला महिन्याभरात त्रास वाढलाय, म्हणजे तिचं थांबणं सुरक्षित आहे का हे नव्याने तपासायला हवं. कमी श्रमात दम लागणं, आधी नव्हता तो त्रास सुरू होणं, बसल्या जागी किंवा झोपेत होणं, आडवं झाल्यावर धाप, पायाला सूज, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर तीन महिन्यांचा हिशोब तिथेच संपला असं समजा.

मामांना एक सांगा, त्यांच्या मनात चांगलंच आहे ते मला कळतं. शरीर तयार करणं म्हणजे शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉलची गोळी, सिगरेट असेल तर बंद, श्वासाचे व्यायाम. हे सगळं चार-सहा आठवड्यांत बरंचसं होतं. सहा महिन्यांत शरीर जास्त तयार होतंच असं नाही, त्या काळात आजारही पुढे सरकत असतो.

किडनीचं राहिलं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर अँजिओग्राफीच्या डायला (नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या औषधाला) घाबरून लोक वर्षानुवर्षं थांबतात. काळजी घ्यावी लागते, सलाइन देतात, डाय कमीत कमी वापरतात. पण किडनी कमजोर असणाऱ्यांचं हार्टच जास्त धोक्यात असतं, त्यामुळे "किडनीमुळे नको" हे वाक्य किडनीच्या आणि हार्टच्या डॉक्टरांनी एकत्र बसून म्हटलेलं असावं, घरच्यांनी नाही.

चौकस:
रानवारा, बारी टू डीच्या दोन गटांचं मला माहीत नव्हतं, मी फक्त एकूण निकाल वाचला होता. समजावून सांगितल्याबद्दल आभार. माझ्या वडिलांचा ब्लॉकेज एकच होता म्हणून आमचं थांबणं जमलं हे आता नीट कळलं. त्यांच्या फॉलोअपला मात्र यावेळी आठ महिने झालेत, मी आजच नंबर लावतो.

हिरवळ:
आमच्याकडे नळ्या नव्हत्या, व्हॉल्व्ह होता, पण थोडक्यात लिहिते कारण कुणाला तरी उपयोग होईल. सासूबाईंचा एऑर्टिक व्हॉल्व्ह अगदी अरुंद झालेला आणि डायबेटिस. त्यांना दम लागायला लागला तरी वयाचं आहे, शुगरचं आहे म्हणून सोडून दिलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा व्हॉल्व्ह खूप अरुंद होऊन एकदा त्रास सुरू झाला की न बदलल्यास दोन वर्षांत जवळपास निम्मे पेशंट जातात. गोळीने व्हॉल्व्ह उघडत नाही. त्यांना मांडीतून नळी घालून बसवला, छाती न उघडता. आम्ही ऑपरेशनच्या भीतीने जे दीड वर्ष घालवलं त्यात असा मार्ग आहे का हे कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

पायवाट:
सगळ्यांना एकत्रच लिहितो. रात्रपाळीने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी फोन केला, आईचं दमणं सांगितलं. त्यांनी लगेच बोलावलं, ईसीजी आणि एको पुन्हा केला. पंपिंग ४५. त्यांनी तीन महिन्यांचं रद्द करून तीन आठवड्यांची तारीख दिली, आधी पाच दिवस ॲडमिट करून इन्सुलिन बसवणार. मी ओंजळचे दोन्ही प्रश्न विचारले, शुगर नाही उतरली तर काय. सर्जन म्हणाले, फार मोठं इन्फेक्शन सोडलं तर तारीख हलणार नाही.

मामा माझ्यासोबत आले होते. त्यांनी अँजिओग्राफीची फिल्म बघितली, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की इथून पुढे रक्त किती बारीक धारेने जातंय. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले रक्तदानाला कोणकोण येईल त्याची यादी करतो.

आईला तळव्यावर एक छोटी चीर निघाली, तिला माहीतच नव्हती. ती आता ड्रेसिंगने भरत आलीय. दात दाखवले, एक काढला. डापाची गोळी तारखेच्या तीन दिवस आधी बंद, क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी, हे सर्जनांकडून लिहून घेतलंय आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलंय.

काल रात्री आईने विचारलं की मला दुखत नाही तरी करायचं का रे. मी तिला ओंजळच्या बाबांचं सांगितलं, सगळं, खुर्चीत काढलेल्या रात्रीसकट. तिने विचारलं आता ते कसे आहेत.

ओंजळ:
आईंना सांग, आज सकाळी बाबा गेटपर्यंत जाऊन आले. वाटेत एकदाच थांबले. तारखेच्या दिवशी इथे कळव, मी बघत असेन.